पडण्याची विद्या

आधारवचनें : नीतिसूत्रें २४:१६, लूक २२:३१-३२, गलतीकरांस पत्र ६:१



वरील तीन वचनें आपल्या शास्त्रांतून काढून प्रथम वाचावीं, आणि मग हा मजकूर हातीं घ्यावा. ज्या घरीं वाचतां येणारें कोणी नसेल, तेथें उपदेशकांनीं तीं वाचून दाखवावींत. पहिल्या वचनांत ज्ञानी पुरुष आपणांस सांगतो कीं, नीतिमान् मनुष्य पडतो, आणि तोहि एकदांच नव्हे, तर पुनःपुन्हां पडतो. पण तो उठतो. नीतिमान् पडत नाहीं असें शास्त्र कोठेंहि म्हणत नाहीं. दुष्ट आणि नीतिमान् यांच्यांतील भेद पडण्यांत नसून पडल्यानंतर काय होतें यांत आहे. हें वचन आम्ही सेमिनरींत असतां पाठ केलें होतें, व त्यावर अनेक वेळां उपदेशहि केला होता. परंतु त्याचा अर्थ आम्हांस गेल्या पावसाळ्यांत कळला. आणि तो एका चटईच्या कडेस बांकावर बसून कळला. ती हकीकत अशी.

आमच्या बहिणीच्या मुलास ज्युदो शिकावयाचा होता. ज्युदो म्हणजे जपान देशांतील कुस्तीचा एक प्रकार. जिल्ह्याच्या गांवीं एका दिवाणखान्यांत जाड चटया अंथरून एक गुरुजी तो शिकवितात. मुलास सोबत म्हणून आम्ही आठ दिवस तेथें गेलों. आम्हांस वाटलें होतें कीं, पहिल्याच दिवशीं डाव सुरू होतील. पण पहिला दिवस गेला, दुसरा गेला, आठवा गेला, तरी डावाचें नांव नाहीं. मुलें नुसतीं पडत होतीं. उताणीं पडत, कुशीवर पडत, पुढें कोलांटी घेऊन पडत, आणि प्रत्येक वेळीं हातांचे तळवे चटईवर आपटून मोठा आवाज करीत. आम्ही गुरुजींस विचारिलें, "हीं मुलें लढावयास केव्हां शिकणार?" ते म्हणाले, "साहेब, ज्याला पडतां येत नाहीं त्याला मी कोणाच्या हातीं देत नाहीं." हें उत्तर आमच्या मनांत रुतून बसलें.

ही विद्या कोणीं घालून दिली हें थोडक्यांत सांगतों. कानो जिगोरो नांवाचे एक गृहस्थ इ.स. १८६० सालीं जपानांत जन्मले. ते शरीरानें लहानखुरे होते, आणि शाळेंतील दांडगीं मुलें त्यांस त्रास देत. म्हणून त्यांनीं जुन्या कुस्तीच्या वस्तादांकडे जाण्याचें ठरविलें. त्यांचे पहिले गुरु फुकुदा यांजविषयीं कानो यांनीं स्वतः एक गोष्ट सांगितली आहे. एका डावांत हात कसा धरावा व पाय कोठें ठेवावा असें त्यांनीं विचारिलें, तेव्हां गुरूंनीं समजावून न सांगतां त्यांस पुनःपुन्हां पाडलें. पडतां पडतां कळेल, एवढाच त्यांचा धडा. पुढें इ.स. १८८२ सालीं कानो यांनीं टोकियो शहरांतील एका बौद्ध मंदिरांत, बारा चटयांच्या खोलींत, थोडे शिष्य घेऊन आपली शाळा काढिली. तिचें नांव कोदोकान. ज्युदो या शब्दाचा अर्थ नमतें घेण्याचा मार्ग. ते मोठे शिक्षक झाले, आणि इ.स. १९३८ सालीं समुद्रप्रवासांत असतां वारले. हिंदुस्थानांतहि ही विद्या जुनीच आहे; इ.स. १९२९ सालीं रवींद्रनाथ ठाकूर यांनीं शांतिनिकेतनांत ती शिकविण्यास जपानाहून ताकागाकी नांवाचे गुरु आणविले होते. इ.स. १९६४ सालीं टोकियो येथें ऑलिंपिक सामन्यांत तिचा प्रथम समावेश झाला. पण इतकी वाढ होऊनहि तिचा पहिला धडा आहे तोच आहे. त्याला जपानी भाषेंत उकेमी म्हणतात, म्हणजे आपल्या शरीरानें आघात स्वीकारणें.

आतां हा धडा कसा देतात तें पाहूं. नव्या शिष्यास उभ्यानें पडावयास सांगत नाहींत. प्रथम तो चटईवर उताणा निजतो आणि निजल्या निजल्याच हात आपटावयास शिकतो. नंतर बसून मागें पडतो, नंतर उकिडवा बसून, नंतर उभ्यानें, आणि शेवटीं दुसऱ्यानें पाडल्यावर. उंची अशी हळूहळू वाढविली जाते. ह्यांत तीन गोष्टी मुख्य आहेत, आणि त्या तिन्ही आत्म्याच्या उपयोगी आहेत.

पहिली गोष्ट : मान वांकवावी. मागें पडतांना हनुवटी छातीशीं टेंकवून दृष्टि आपल्या कमरपट्ट्याच्या गांठीवर ठेवावी, असें गुरुजी घडोघडी बजावीत. कारण मान ताठ राहिली तर डोकें मागें झेंपावतें आणि जमिनीवर आदळतें. पाठ आघात सोसते. डोकें सोसत नाहीं. आपल्या भाषेंत एक म्हण आहे : पडलों तरी नाक वर. ही म्हण आपण गर्विष्ठाची थट्टा करण्यासाठीं वापरतों. पण त्या दिवाणखान्यांत आम्हांस दिसलें कीं, ती थट्टा नव्हे, तें अक्षरशः सत्य आहे. पडतांना ज्याचें नाक वर, त्याचेंच डोकें फुटतें. प्रियांनो, पातकांत पडल्यावर मनुष्य काय करितो? तो नाक वर करितो. मी पडलोंच नाहीं, मला अमक्यानें ढकललें, माझ्याहून मोठीं पातकें करणारे मंडळींत बसले आहेत, असें म्हणतो. शौल राजानें असेंच केलें. शमुवेल समोर उभा असतां त्यानें दोष लोकांवर टाकला, आणि शेवटीं वडील मंडळींदेखत माझा मान राख, एवढीच त्याची विनंति उरली. दावीद शौलापेक्षां लहान पडला होता काय? नाहीं, तो फार भयंकर पडला होता. पण नाथान संदेष्ट्यानें बोट दाखवितांच त्यानें मान खालीं घातली. एक राजा पडला तो गेला. दुसरा पडला तो उठला. भेद मानेंत होता.

दुसरी गोष्ट : पडतांना एक हात पुढें टेंकून आपणांस सांवरूं पाहूं नये. हें शिकणें सर्वांत कठीण, कारण मनुष्याचा स्वभावच तसा आहे. आमच्या डोळ्यांदेखत एका मुलानें तसा हात टेंकला आणि त्याचें मनगट सुजलें. गुरुजी म्हणाले, मनगटावर भागलें हें नशीब. अशा वेळीं गळ्याजवळचें हाड देखील मोडतें, कारण सगळ्या देहाचा भार त्या एका हातावर येतो. म्हणून दोन्ही हात, अथवा कुशीवर पडतांना त्या बाजूचा सबंध हात, शरीराच्या अंगासरशीं थोडा तिरपा ठेवून तळव्यापासून दंडापर्यंत एकदम चटईवर आपटावा. असें केल्यानें आघात एका जागीं न सांचतां पुष्कळ जागीं वांटला जातो, आणि कोणतेंच एक हाड मोडत नाहीं. जो मोठा आवाज आम्हांस प्रथम विचित्र वाटला होता, तो ह्या वांटणीचा आवाज होता.

बंधूंनो, पातकांत पडलेला मनुष्यहि असाच एक हात टेंकतो. त्या हाताचें नांव लबाडी. एक खोटें बोलून मी सांवरेन असें त्यास वाटतें; मग सगळ्या अपराधाचा भार त्या एका खोट्यावर येतो, आणि तें मोडतें. अपराध लहान असतो, लपवालपवीनें हाड मोडतें. ह्याच्या उलट जो आपलें पडणें मोठ्यानें कबूल करितो, आपल्या पत्नीजवळ, आपल्या पाळकाजवळ, एखाद्या विश्वासू बंधूजवळ तें बोलून दाखवितो, त्याचा आघात वांटला जातो. आवाज होतो खरा. चार लोक मान वळवून पाहतात. पण हाड शाबूत राहतें. याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत एकमेकांजवळ पातकें कबूल करण्याची आज्ञा आहे ती ह्यासाठींच होय.

तिसरी गोष्ट : प्रत्येक पडणें उठण्यांत संपावें. पुढें कोलांटी घेऊन पडण्याचा जो प्रकार आहे, त्यांत शिष्य खांद्यावरून घरंगळतो आणि त्याच वेगानें उभा राहतो. ज्या वेगानें त्यास खालीं आणलें, तोच वेग त्यास वर नेतो. पेत्राचें असेंच झालें. तो अंगणांत शेकोटीपाशीं तीन वेळां पडला, आणि बाहेर जाऊन रडला. पण जें रडणें त्यास खालीं नेतें असें वाटत होतें, त्यानेंच त्यास पुढें तिबिर्याच्या समुद्राकांठीं प्रभूच्या विस्तवापाशीं आणून उभें केलें. तेथें तीन नकारांच्या जागीं त्याजकडून तीन वेळां प्रीतीचा उच्चार करविण्यांत आला. पुढें ज्या पेत्रानें मंडळीस धीर दिला, तो कधीं न पडलेला पेत्र नव्हे. तो उठलेला पेत्र होय.

येथें कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, तुम्ही लोकांस पडावयास शिकवितां काय? अशानें पातकाची भीति जाईल." हा प्रश्न पौलासहि विचारण्यांत आला होता, रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय पहा. आमचें उत्तर असें : जो पडण्यास भितो तो अंग ताठ धरून उभा राहतो, आणि ताठ उभा राहिलेल्यास पाडणें सोपें असतें, हें आम्ही त्या चटईवर रोज पाहिलें. ज्यास पडतां येतें तो मोकळ्या अंगानें लढतो, म्हणून कमी पडतो. शिवाय गुरुजींनीं आम्हांस हेंहि बजाविलें कीं, ह्या विद्येनें दगड मऊ होत नाहीं. ती चटईवर शिकावयाची, आणि तिच्या भरंवशावर कड्यावरून उडी घ्यावयाची नाहीं. कृपा ही पातकाची परवानगी नव्हे. पण कृपा ठाऊक नसलेला मनुष्य पहिल्याच पडण्यानें मरतो, आणि आपल्या मंडळ्यांत असें पुष्कळदां झालें आहे.

आतां सर्वांत गंभीर गोष्टीकडे येतों. ती पडणाराविषयीं नाहीं, पाडणाराविषयीं आहे. ज्युदो खेळांत सरावाच्या वेळीं जो दुसऱ्यास पाडतो, त्यानें पडणाराची बाही सोडावयाची नसते. त्यास उचलून आपटतांना तो शेवटच्या क्षणीं बाही किंचित् वर ओढून धरितो, म्हणजे पडणाराचें डोकें उचललेलें राहतें व तो कुशीवर नीट उतरतो. बाही सोडून देणें हा मोठा दोष समजतात. कानो यांनीं आपल्या शाळेस जें एक सूत्र घालून दिलें, त्याचा अर्थच असा कीं, आपलें व दुसऱ्याचें कल्याण बरोबरीनें व्हावें. ज्यास तूं पाडतोस, तो उद्यां तुझ्या सरावास पाहिजे आहे.

जेथें ही काळजी घेतली नाहीं तेथें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. खुद्द जपान देशांत इ.स. १९८३ पासून पुढील सुमारें तीस वर्षांत शाळांतून ज्युदो शिकतांना शंभराहून अधिक मुलें मरण पावलीं. त्यांत डोक्याच्या दुखापतीनें गेलेलीं पुष्कळ, आणि नवशिकीं पुष्कळ. डोकें जमिनीस न लागतांहि नुसत्या जोराच्या हिसक्यानें आंतील शीर तुटून रक्त सांचतें, असें डॉक्टर सांगतात. आईबापांनीं आवाज उठविला, तेव्हां त्या देशाचे डोळे उघडले. ज्यास पडावयास नीट शिकविलें नाहीं, त्यास आपटणें म्हणजे शिकविणें नव्हे. हें वाचतांना आमचे हात थरथरले. कारण आम्हीहि एकास असेंच आपटलें आहे.

ती गोष्ट आजवर आम्हीं लिहिली नव्हती. बारा वर्षांपूर्वीं आमच्या हाताखालीं एक उपदेशक होते. गांव सांगत नाहीं. मनुष्य गोड गळ्याचा, आजाऱ्यापाशीं रात्र रात्र बसणारा. एका वर्षीं त्यांची मुलगी तापानें अंथरुणास खिळली, आणि त्यांनीं सुगीच्या उपकारस्तुतीच्या दानांतून औषधासाठीं पैसे घेतले. परत भरीन म्हणाले, भरतां आले नाहींत. मग वहींत आंकडा बदलला. हाच तो टेंकलेला एक हात. एका रात्रीं ते आमच्या दारीं आले. अंगणांत उभे राहिले, मान खालीं होती. आज आम्हांस कळतें कीं, ते नीट पडत होते. मान वांकवून, सर्व सांगण्यासाठीं आले होते. आम्हीं त्यांस आंत घेतलें नाहीं. "रविवारीं मंडळीपुढें या," असें म्हणालों. रविवारीं आम्हीं त्यांचें नांव सर्वांसमक्ष वाचलें, वही वाचली, आणि त्यांस कामावरून दूर केलें. त्यांची पत्नी लहान मुलांस घेऊन बायकांच्या बाजूस बसली होती, ती प्रार्थना संपण्यापूर्वींच उठून गेली. शिस्त पाळली असें आम्हांस त्या दिवशीं वाटलें. शिस्त पाळावयास पाहिजेच होती. दानाचे पैसे गरिबांचे होते, आणि वहींतील लबाडी झांकणें हें मंडळीशीं पातक झालें असतें. पण आम्हीं बाही सोडिली. त्या रविवारानंतर एकदांहि त्यांच्या घरीं गेलों नाहीं. महिन्याभरानें ते कुटुंब शहराकडे निघून गेलें.

त्या आठ दिवसांनंतर आम्ही त्यांचा पत्ता शोधून गेलों. ते एका गोदामावर पहारा करितात. केस पांढरे झाले आहेत. आम्हांस त्यांनीं खाटेवर बसविलें आणि स्वतः जमिनीवर बसले. आम्हीं त्यांजजवळ क्षमा मागितली. पुष्कळ वेळ ते बोलले नाहींत. मग म्हणाले, "साहेब, पडलों तो माझ्या पातकानें, त्यांत तुमचा दोष नाहीं. पण त्या रात्रीं तुम्हीं आंत बस म्हणाला असतां, तर मीं रविवारीं आपल्या तोंडानें सांगितलें असतें." प्रार्थना करूं का असें आम्हीं विचारिलें. ते म्हणाले, "करा. पण मी आमेन म्हणेन असें नाहीं." आम्हीं प्रार्थना केली. त्यांनीं आमेन म्हटलें नाहीं; मात्र आम्हांस मोटारीच्या थांब्यापर्यंत पोंहचवावयास आले. आम्ही पुन्हां जाणार आहों.

यहूदाविषयीं आपण काय वाचतों? त्यासहि पश्चात्ताप झाला होता. त्यानें रुपें परत नेलें, आपलें पातक मुख्य याजकांपुढें कबूल केलें. पण त्यांनीं त्याच्याशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें म्हणून पाठ फिरविली (मत्तय २७:४). तो एकटा मंदिरांतून बाहेर पडला, आणि मेला. पेत्रासाठीं मात्र प्रभूनें तो पडण्यापूर्वींच प्रार्थना केली होती. तूं पडशील हें सांगितलें, आणि त्याच श्वासांत, तूं वळशील तेव्हां तुला भावांस सांवरण्याचें काम आहे, हेंहि सांगितलें. जो समुद्रावर बुडत्या पेत्राचा हात धरितो, त्यानें त्याची बाही कधींच सोडिली नाहीं. आपण मंडळी म्हणून कोणासारखे आहों? त्या याजकांसारखे, कीं प्रभूसारखे?

आमच्या खेड्यांतील वाचकांस तालीम नवी नाहीं. हौद्यांतील तांबडी माती उकरून, तींत ताक, तेल, हळद मिसळून ती मऊ ठेवितात. कराडजवळच्या गोळेश्वराचे खाशाबा जाधव, ज्यांनीं इ.स. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें, तेहि अशा मातींतच वाढले. माती मऊ असते म्हणून पोर न भितां पडतें, आणि न भितां पडतें म्हणून मल्ल होतें. पण माती एकदां मऊ केली म्हणजे कायमची मऊ राहते असें नाहीं. चार दिवस कुदळ लागली नाहीं कीं ती घट्ट होते. मंडळीचेंहि तसेंच आहे. प्रार्थनेनें आणि एकमेकांच्या घरीं जाण्यायेण्यानें ती रोज उकरावी लागते. नाहींतर आपल्या नकळत तिचा दगड होतो, आणि मग पडणारा त्यावर फुटतो.

म्हणून, उपदेशकबंधूंनो, आपल्या नव्या विश्वासणाऱ्यांस बाप्तिस्म्यापूर्वींच हा धडा द्या. दारू सोडलेल्यास सांगा कीं, एखाद्या लग्नांत तुझा पाय घसरला तर घरीं तोंड लपवून बसूं नकोस. त्याच रात्रीं माझें दार ठोक. आणि त्यानें ठोकलें तर दार उघडा. कोणावर शिस्तीचा इलाज करावा लागला, तर गलतीकरांस पत्रांतील आज्ञेप्रमाणें सौम्य आत्म्यानें करा, आणि त्याच संध्याकाळीं त्याच्या घरीं जाऊन बसा. त्याच्या मुलांस शब्बाथशाळेस आणावयास स्वतः जा. बाही धरून ठेवणें म्हणजे हेंच.

आणि हे वाचणाऱ्या बंधो, भगिनी, तूं जर आज पडलेला असशील, कोणासहि ठाऊक नसेल, तर नाक वर करूं नको. एका हातावर सांवरूं नको. मान वांकव, आणि ज्याच्याजवळ बोलतां येईल अशा एका मनुष्याकडे आजच जा. तो दार उघडणार नाहीं अशी भीति तुला वाटेल. आम्हांसारख्यांमुळें ती भीति खोटी नाहीं, हें आम्ही कबूल करितों. तरी जा, कारण तूं निघण्यापूर्वींच तुझ्यासाठीं कोणी प्रार्थना केली आहे.

हे प्रभो, जे पडले आहेत त्यांस उठीव, जे उभे आहेत त्यांस मऊ कर, आणि ज्यांची बाही आमच्या हातून सुटली ती तूं धरून ठेव. आमेन.